पाण्याच्या माणसांना हात नसतात

दोन रूळ. एक निळा, एक केशरी.
दोन्ही गाड्या एकाच घंटेला सुटतात,
रास अल खैमाच्या डोंगरांकडे पाठ करून समुद्रापर्यंत जातात, वळतात,
आणि चौतीस सेकंदांत ठरतं कोण हरलं.
निदान कागदावर तसं होतं.

प्रत्यक्षात निळी रोज हरते.

तीन आठवडे पहाटे चारला येतोय.
बोल्ट तपासायचे, पिवळी खूण करायची, वाट बघायची.
डोंगरांचं नाव हजर, आणि सूर्याची हजेरी त्यांच्यामागून उशिरा.
मग ऊन चढायच्या आत सोळा फेऱ्या.
सीटवर प्लास्टिकची धडं,
गळ्यापर्यंत पाणी भरलेली, पंच्याहत्तर किलोंची.
रोडेल त्यांना पट्टे बांधतो, खांद्यावर थाप मारतो,
मार्करनं नावं लिहितो: त्याचे तीन मेहुणे, मनिलाचा घरमालक,
आणि एकावर माझं, कोष्टी.
मी डाव्या बाजूनं गळतो म्हणे.

शून्य पूर्णांक एकतीस. शून्य पूर्णांक अठ्ठावीस.
पुन्हा एकतीस.
आनेलीसबाई म्हणतात, सॉफ्टवेअर.
शिहाबुद्दीन म्हणतो, ग्रीस.
मार्केटिंगचा पोरगा म्हणतो, बटणावर ठेवा की,
सकाळी ही जिंकेल, संध्याकाळी ती,
लोकांना काय कळतंय!

तपासणीची मौझा अश्शिही वहीतून मान वर काढते.
"माझ्या मुलीला कळेल.
ती दोनदा बसेल. तिसऱ्यांदा विचारेल."

मी काही बोललो नाही.

इचलकरंजीत वडील जॉबर होते, सोळा मागांवर.
शेडमध्ये आपला शब्द आपल्याला ऐकू येत नसे,
पण नवव्या मागाचा धोटा अर्धा श्वास मागे पडला
की ते कपबशी खाली ठेवत.
मी त्यांचे ओठ वाचायचो:
"माग आजारी नसतोय रे.
त्याला कुठंतरी गार लागत असतंय."

बाविसाव्या दिवशी हातमोजा काढून रुळाला हात लावला.
केशरी कोमट.
निळा गार, दवानं चिकट.
केशरीच्या चढाची लांब सावली
साडेआठपर्यंत निळ्यावर पडून असते,
थोरल्याचा जुना शर्ट धाकट्याच्या अंगावर, तशी.
गार चाक जड पळतं. एवढंच.
एवढ्यासाठी जर्मनीहून दोनदा फोन आले होते.

आता निळीला आधी दोन फेऱ्या जास्तीच्या, चाकं तापेपर्यंत.
आता फरक पापणीएवढा,
कधी हिचा, कधी तिचा,
कुणीही न ठरवता.

राहिलं ते वळण.
समुद्राच्या बाजूला दोन्ही गाड्या इतक्या जवळ येतात
की समोरच्याचे दात मोजता येतील.
नकाशात त्या जागेचं नाव 'हस्तांदोलन',
आणि ते कधीही होणार नाही
हे बघायचा पगार मला मिळतो.
जगातला सगळ्यात लांब हात धरायचा,
समोरूनही तसाच एक,
मध्ये वर एक वीत.
लाकडी चौकट फिरवली, फोमचे दांडे फिरवले,
कुठं खरचटलं नाही.
पण चौकटीला मोह होत नाही,
आणि पाण्याच्या माणसांना हात नसतात,
तेव्हा शेवटची फेरी आपलीच.

गुरुवारी सकाळी मी निळीत, रोडेल केशरीत.
मागच्या रांगांत त्याचे मेहुणे, नेहमीसारखे गप्प.
पहिल्या उतारावर तोंडातून जे निघालं
ते इचलकरंजीच्या बाहेर कुणाला कळलं नसतं.
मग समुद्र आडवा झाला.
मग रोडेल,
केस उभे, डोळे मिटलेले, हात माझ्याकडे ताणलेला.

मला माहीत होतं. मीच मोजलं होतं, मिलिमीटरपर्यंत.
तरी माझा हात गेला.

मध्ये वारा होता,
गरम, जाडसर, एका वितीचा.

खाली मौझानं वही उघडली.
निळी, शून्य पूर्णांक शून्य दोननं.
"आणि हात का बाहेर काढलात?"
"तपासत होतो," मी म्हणालो.
तिनं तेही लिहून घेतलं.